गल्लीने सांगितलेला इतिहास: रिओच्या मिरवणुकीबद्दल वाचकांचे प्रश्न

प्रश्न: नमस्कार ताई. मी नाशिकच्या एका ढोल-ताशा पथकात ढोल वाजवते. मैत्रिणीने रिओच्या 2019 सालच्या कार्निव्हलची चित्रफीत दाखवली. मांगेइरा नावाच्या सांबा स्कूलच्या मिरवणुकीत शेवटी ब्राझीलचाच झेंडा आला, पण हिरव्या-गुलाबी रंगात. तो पाहून लोक रडत होते. त्या मिरवणुकीचा विषय काय होता? आणि या खरोखरच्या शाळा असतात का?
– एक वादक, सिडको, नाशिक

उत्तर: या मिरवणुकीबद्दल कुणीतरी विचारावं असं मला फार दिवसांपासून वाटत होतं. मी गणेश मंडळांच्या जिवंत देखाव्यांचं निवेदन लिहिते. मिरवणुकीतून इतिहास कसा सांगावा हे मी जिथून शिकले, त्यात ही मिरवणूक सगळ्यात वर आहे.

आधी शाळेचं सांगते. सांबा स्कूल म्हणजे वस्तीचं मंडळ. मांगेइरा 1928 साली रिओतल्या त्याच नावाच्या टेकडीवर, कष्टकऱ्यांच्या वस्तीत स्थापन झाली. संस्थापकांपैकी कार्तोला हा मोठा संगीतकार गवंडीकाम करायचा. डोक्यावर सिमेंट पडू नये म्हणून तो टोपी घालायचा, आणि तीच टोपी त्याचं नाव होऊन बसली. 1932 साली या मंडळांची पहिली स्पर्धा एका क्रीडा वृत्तपत्राने भरवली. तीही मांगेइरानेच जिंकली.

दरवर्षी प्रत्येक मंडळ एक विषय घेतं. त्याला तिथे एन्रेदो म्हणतात. गाणं, पोशाख, चित्ररथ, पुढे नाचणारी तुकडी, सगळं त्या एका विषयातून निघतं. 2019 साली मांगेइराचे कल्पनाकार लेआंद्रो व्हिएरा यांनी जो विषय घेतला त्याचा अर्थ असा: मोठ्या माणसांना निजवण्यासाठी सांगितलेला इतिहास. शाळेच्या पुस्तकातून जो गोड इतिहास पाजला जातो, तो उलटा करून दाखवायचा होता. अगदी पुढे होत्या मोठमोठ्या तसबिरी. त्यांच्या चौकटीत पुस्तकातले थोर पुरुष होते, आणि त्यांना मुद्दाम बुटकं दाखवलं होतं. मग त्या चौकटींत आदिवासी आणि कृष्णवर्णीय माणसं येऊन उभी राहिली. मागच्या एका चित्ररथावर साओ पाउलोतल्या एका प्रसिद्ध स्मारकाची प्रतिकृती होती. जंगलं तुडवत आदिवासींना पकडून गुलाम करणाऱ्या टोळ्यांच्या गौरवासाठी ते स्मारक उभारलेलं आहे. मांगेइराने ते रक्ताच्या लाल रंगाने माखलं.

यातला एक धागा मला सगळ्यात मोलाचा वाटतो, म्हणून त्यावर जरा थांबते. ब्राझीलमध्ये गुलामगिरी 13 मे 1888 रोजी कायद्याने संपली. कायद्यावर राजकन्या इझाबेलची सही आहे. त्यामुळे पिढ्यान्‌पिढ्या मुलांना शिकवलं गेलं की राजकन्येने दया केली आणि गुलाम सुटले. मांगेइराच्या गाण्याने हे श्रेय राजकन्येकडून काढून एका तराफेवाल्याला दिलं. त्याचं नाव फ्रांसिस्को जोझे दो नासिमेंतो, पण वस्तीत त्याला आईच्या नावावरून ‘मातिल्देचा शिको’ म्हणत. ईशान्येकडच्या सेआरा प्रांतात फोर्तालेझा बंदर आहे. तिथे किनाऱ्यावरून जहाजापर्यंत माणसं आणि माल तराफ्यांवरून जायचा. दक्षिणेतल्या मळ्यांना विकलेले गुलामही तसेच नेले जात. 1881 साली तराफेवाल्यांनी ठरवलं की या बंदरातून यापुढे एकही गुलाम जहाजावर चढणार नाही. आणि कुणी चढला नाही. शिको त्यांच्या पुढाऱ्यांपैकी होता. सेआराने 1884 साली, म्हणजे राजकन्येच्या सहीच्या चार वर्षं आधी, गुलामगिरी बंद केली. काम करणाऱ्या हातांनी काम नाकारलं आणि व्यापार थांबला. पुस्तकात मात्र सही उरली.

गाण्यात आणखीही नावं होती. पळून आलेल्या गुलामांनी 17व्या शतकात डोंगरात पाल्मारेस नावाची वसाहत उभारली आणि ती कित्येक दशकं लढवत ठेवली. तिथली दांदारा गाण्यात आहे. 1835 साली साल्व्हादोर शहरात मुस्लिम आफ्रिकी गुलामांनी उठाव केला, त्याच्याशी जोडली गेलेली लुईझा माहिनही आहे. आणि मारियेली फ्रांको आहे. लोक रडले ते मुख्यतः तिच्यासाठी. मारियेली रिओची नगरसेविका होती. मारे नावाच्या झोपडवस्तीत वाढलेली, पोलिसी हिंसेविरुद्ध बोलणारी. 14 मार्च 2018 रोजी तिला आणि तिच्या चालकाला गाडीत गोळ्या घालून मारलं. त्याला वर्ष व्हायच्या आत ही मिरवणूक निघाली. तिची जोडीदार मोनिका बेनिसियो त्यात चालत होती.

आता तो झेंडा. ब्राझीलच्या झेंड्यावर मधल्या गोलात ‘सुव्यवस्था आणि प्रगती’ असे शब्द आहेत. मांगेइराने तिथे लिहिलं: ‘आदिवासी, कृष्णवर्णीय आणि गरीब’.

मांगेइरा त्या वर्षी पहिली आली. पण हे धाडस एका रात्रीत आलेलं नाही, आणि त्याचा इतिहास कळल्याशिवाय झेंड्याचं वजन कळत नाही. 1930च्या दशकात सरकारने या मंडळांना मान्यता आणि अनुदान दिलं. बदल्यात विषय राष्ट्रीय हवा अशी अट आली. 1939 साली एका मंडळाने हिमगौरी आणि सात बुटक्यांची गोष्ट घेतली, तर परदेशी विषय म्हणून त्याला बाद केलं. (त्याच वर्षी पोर्तेला मंडळाचा नेता पाउलो मास्तरांच्या वेशात आला होता, पुढे फळा आणि मागे गणवेशातले विद्यार्थी! तुमच्या शाळेच्या प्रश्नाला हे जवळचं उत्तर आहे.) राष्ट्रीय विषय म्हणजे सेनापती, सम्राट आणि सरकारी वीर, असं कितीतरी वर्षं चाललं. ज्यांच्या आजोबा-पणजोबांना बाजारात विकलं होतं, ती माणसं रेशमी झगे घालून त्याच दरबाराचे गोडवे गात होती.

1960 साली सालगेइरो मंडळाने नेपथ्यकार फर्नांदो पाम्प्लोना यांच्या हाती काम दिलं. त्यांनी पाल्मारेसचा विषय घेतला, आणि गुलामांचा पुढारी झुंबी मिरवणुकीचा नायक झाला. 1988 साली गुलामगिरी संपल्याची शताब्दी होती. व्हिला इझाबेल मंडळाने कृष्णवर्णीयांच्या आनंदोत्सवाचा विषय घेऊन पहिला क्रमांक मिळवला. मांगेइरा दुसरी आली. तिचा विषयच एक प्रश्न होता: शंभर वर्षांचं स्वातंत्र्य, खरं की भास? 2018 साली तुयुती मंडळाने तोच प्रश्न आणखी रोखठोक विचारला आणि तेही दुसरं आलं. पुढच्या वर्षी मांगेइराने उत्तर दिलं.

प्रश्न: ऐन भरात सगळी वाद्यं एकदम थांबतात, लोक गातच राहतात आणि मग वाद्यं पुन्हा उचलतात. हे ठरवून असतं का?
– ताशावादक, इंदिरानगर

उत्तर: पूर्णपणे ठरवून. याला ते ‘छोटा थांबा’ म्हणतात. मोसिदादे मंडळाचे वादनप्रमुख मेस्त्रे आंद्रे यांच्या नावावर ही युक्ती आहे, 1950च्या दशकाच्या अखेरची. दोन-अडीचशे वादक एका इशाऱ्यावर गप्प होतात, हजारो लोक आवाजावर लय धरून ठेवतात आणि सगळे पुन्हा समेवर येतात. एक जरी चुकला तरी परीक्षक गुण कापतात.

तुम्हाला आवडेल अशी आणखी एक गोष्ट. त्यांचा मोठा ढोल म्हणजे सुर्दो. बहुतेक मंडळांत पहिला सुर्दो ठोका देतो आणि दुसरा त्याला उत्तर देतो. मांगेइरात उत्तर देणारा सुर्दो नाही. एकच भारदस्त ठोका पडतो आणि मधली जागा मोकळी राहते. डोळे मिटूनही कळतं की मांगेइरा येतेय. आपल्याकडे तर्री ऐकून पथक ओळखणारे कान आहेत, त्यांना हे लगेच पटेल.

प्रश्न: भारतावर कधी विषय झाला आहे का?
– एक वाचक, गंगापूर रोड

उत्तर: हो. 2018 साली मोसिदादेनेच भारत आणि ब्राझीलला जोडणारा विषय घेतला होता आणि त्याच्या नावातच ‘नमस्ते’ होतं. संबंध आहेतही तसे. ब्राझीलच्या कुरणांवरची वशिंडाची गुरं मूळची आपली, गीर आणि ओंगोल वाणाची. आणि साल्व्हादोर शहरात 1949 साली गोदी कामगारांनी गांधीजींच्या नावाने एक मिरवणूक-मंडळ काढलं. पांढरा वेश आणि फेटा घालून ते आजही कार्निव्हलमध्ये निघतं. मला विचाराल तर मोसिदादेच्या सगळ्या झगमगाटापेक्षा त्या गोदी कामगारांची गोष्ट जास्त जवळची वाटते.

प्रश्न: ताई, यंदा आमच्या मंडळात काळाराम मंदिर सत्याग्रहावर जिवंत देखावा करावा असं आम्हा तरुणांना वाटतं. ज्येष्ठ म्हणतात, वाद कशाला, पौराणिक देखावा करा. रिओची मंडळं असा विषय कसा पेलतात?
– मंडळाचा कार्यकर्ता, पंचवटी

उत्तर: करा. पंचवटीतल्या मंडळाने हा विषय घ्यायचा नाही तर कुणी घ्यायचा?

रिओत विषय ठरला की आधी तो लिहून काढतात. रंग, कापड, लाकूड हे सगळं नंतर. विषयाचं टिपण मंडळातल्या गीतकारांना वाचून दाखवतात, त्यावर गाणी लिहिली जातात, गाण्यांची आपसांत स्पर्धा होते आणि एक निवडलं जातं. परीक्षकांना तर छापील पुस्तिकाच मिळते. कुठली तुकडी काय दाखवते, चित्ररथावर ती वस्तू का आहे, प्रत्येकाचं कारण त्यात लिहिलेलं असतं. तुम्हीही हेच करा. ज्येष्ठांपुढे तोंडी वाद घालू नका, चार पानं लिहून ठेवा. ‘वाद होईल’ या भीतीला तपशील हेच औषध आहे. दाखवलेल्या प्रत्येक गोष्टीचा आधार तुमच्याकडे असेल, तर पोलीस ठाण्यात परवानगीसाठी बसताना आवाज कापत नाही.

तरीही अडथळा येऊ शकतो. 1989 साली बेइजा-फ्लोर मंडळाचे जुआंवझिन्यो त्रिंता यांनी भिकाऱ्यांवर विषय केला आणि रिओच्या डोंगरावरचा येशूचा पुतळा फाटक्या कपड्यांतला भिकारी म्हणून घडवला. चर्च न्यायालयात गेलं, मनाई हुकूम आला. मंडळाने पुतळा काळ्या प्लास्टिकमध्ये गुंडाळला आणि तसाच मिरवणुकीत आणला, वर फलक लावून: ‘मनाई असली तरी आमच्यावर लक्ष असू द्या’. त्या वर्षी पहिला क्रमांक दुसऱ्याच मंडळाला मिळाला, पण लोक आजही त्या काळ्या गाठोड्याबद्दल बोलतात. तुम्ही कुणाच्या श्रद्धेची मूर्ती बदलत नाही आहात. जे घडलं तेवढंच सांगताय.

आता विषयाबद्दल. सत्याग्रह 2 मार्च 1930 रोजी सुरू झाला. दांडीयात्रा निघाली 12 मार्चला. म्हणजे मिठाच्या सत्याग्रहाच्या दहा दिवस आधी नाशिकमध्ये माणसं मंदिराच्या दारात बसली होती. हे मुलांना सांगा, त्यांना ठाऊक नसतं. नेतृत्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं, आणि नाशिकमध्ये लढा चालवणारे दादासाहेब गायकवाड. मंदिराचे दरवाजे बंद केले गेले आणि सत्याग्रही दरवाजांवर बसले. रामनवमीला रथ ओढण्यावरून संघर्ष झाला, दगडफेक झाली. तरी लढा काही वर्षं चालू राहिला.

मांगेइराकडून एक गोष्ट नक्की घ्या. देखाव्याच्या मधोमध बाबासाहेबांचा मोठा पुतळा ठेवून बाकी सगळ्यांना गर्दी करू नका. शिको तराफेवाला जसा गाण्याच्या मध्यभागी आला, तशी दारात बसलेली माणसं मध्यभागी आणा. ती गावोगावून चालत आलेली होती, त्यात बायाही होत्या. त्यांनी शिदोरी कशी आणली असेल, अटक झाली तेव्हा घरी गुरांकडे कुणी पाहिलं असेल, हे विचारायला त्यांची नातवंडं-पतवंडं जिल्ह्यात आहेत. त्यांच्याकडे जा. नावं वापरण्याआधी परवानगी घ्या आणि देखाव्याच्या पहिल्या दिवशी त्यांना मानाने बोलवा. जमलं तर भूमिकाही त्यांच्याच घरातल्या मुलामुलींना द्या.

रचना सोपी ठेवा: एक बंद दरवाजा, त्याच्यापुढे बसलेली माणसं, आणि आवाज. निवेदन सात-आठ मिनिटांच्या पुढे नेऊ नका, नाहीतर रांग अडते आणि मागचे लोक न बघताच निघून जातात. शेवटी आरास उजळवून टाळ्या मिळवायचा मोह होईल, तो टाळा. पहिला खर्डा झाला की मासिकाच्या पत्त्यावर पाठवा. गणपतीला अजून वेळ आहे, दोनदा वाचून परत देईन.