कासच्या पठारावर तो का रडला?

"मॅडम, आम्ही मुलांसाठी एवढं करतो, तरी बाहेर पडलं की रडारड ठरलेलीच. आमचं नेमकं कुठे चुकतंय?" नवरात्रापासून दिवाळीच्या सुट्टीपर्यंतच्या दिवसांत साताऱ्यातील माझ्या समुपदेशन केंद्रात हा प्रश्न दरवर्षी येतो, आणि तो विचारणारे आईवडील बहुतेक वेळा मनापासून कष्ट घेणारे असतात. येथे सांगत आहे तो अनुभव अशाच एका कुटुंबाचा आहे. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

आई बँकेत नोकरीला, वडील कंपनीत पाळ्यांमध्ये काम करणारे, मुलगी सात वर्षांची, मुलगा साडेचारचा आणि घरात कोरेगावकडच्या आजी. आई पहिल्यांदा आली तेव्हा घटस्थापना आठवड्यावर आली होती. तिने मोबाइलमधील एक यादी मला दाखवली. त्या महिन्याचा प्रत्येक शनिवार-रविवार तिने आखून ठेवला होता: कास पठार, ठोसेघरचा धबधबा, मातीकामाची कार्यशाळा, चित्रकला स्पर्धा, दांडियाचा वर्ग. सप्टेंबरअखेर बँकेत सहामाहीचे काम असते, घरी यायला रात्रीचे नऊ वाजतात, आणि आठवडाभर मुलांना न दिलेला वेळ ती रविवारी भरून काढू पाहत होती. हे तिने मला सांगितले नाही; पण यादी दाखवताना तिचे डोळे भरून आले, तेव्हा ते समजायला फारसा वेळ लागला नाही.

सर्वांत जास्त तिला लागले होते ते कासचे. साताऱ्यापासून सुमारे २५ किलोमीटरवर असलेले हे पठार २०१२ साली जागतिक वारसा ठरले, फुलांचा बहर जेमतेम काही आठवडे टिकतो, आणि आपल्या दाराशी असलेले हे वैभव मुलांनी पाहिलेच पाहिजे, असे तिला वाटत होते. आगाऊ नोंदणी करून, पहाटे साडेपाचला मुलांना उठवून सगळे निघाले. पठारावर पोहोचल्यावर अर्ध्या तासातच धाकट्याने असा आकांत मांडला की फुले धड न पाहताच परतावे लागले. "एवढं सोन्यासारखं पठार, आणि हा जमिनीवर लोळतोय," ती म्हणाली. परतीच्या वाटेवर नवराबायकोत कडाक्याचे भांडण झाले, ते वेगळेच.

दुसऱ्या भेटीत मी मुलाशी बोलले. कासला काय पाहिलेस, असे विचारले तर त्याने लगेच विचारले, "ती मुंगी सुटली का?" थोडे थोडे विचारत गेल्यावर उलगडा झाला. कुंपणाच्या कडेला त्याला दवबिंदू नावाची वनस्पती दिसली होती. तिच्या पानांवरच्या लालसर केसांच्या टोकांशी चिकट थेंब असतात, त्यांत बारीक कीटक अडकतात, पान हळूहळू वळते आणि वनस्पती तो कीटक पचवते. कासच्या जांभ्या खडकावरील मातीच्या पातळ थरात नत्र कमी असल्याने तिला हा मार्ग धरावा लागला आहे. मुलासमोर तिथे एक मुंगी अडकलेली होती आणि पाय हलवत होती. तो उकिडवा बसून ते पाहत होता. तेवढ्यात पिवळ्या सोनकीच्या ताटव्यापुढे फोटो काढण्यासाठी त्याला दंडाला धरून उठवण्यात आले. रडणे तिथून सुरू झाले.

साडेचार वर्षांच्या मुलाला पठार दिसत नाही, त्याला मुंगी दिसते. एका गोष्टीतून मन काढून दुसरीत घालणे या वयात अतिशय अवघड असते, कारण स्वतःला थांबवण्याची आणि वळवण्याची मेंदूची क्षमता अजून घडत असते. "पुढच्या रविवारी पुन्हा येऊ" हे आश्वासनही त्याच्या कामाचे नसते, कारण काल, परवा आणि पुढचा रविवार यांतील अंतर त्याला अजून नीट उमगलेले नसते. त्यातच पहाटेचे उठणे. तीन ते पाच वर्षांच्या मुलाला दिवसभरात मिळून दहा ते तेरा तास झोप लागते, आणि ती तुटली की साधा नकारही त्याला पेलत नाही. आईला मी सांगितले की त्याने कास पाहिले नाही, असे समजू नका. तुमच्यापैकी कोणीही पाहिले नसेल इतके जवळून त्याने ते पाहिले आहे. मुंगीबद्दल त्याला खरे सांगा, असेही सुचवले. तिने सांगितले. तो बराच वेळ गप्प राहिला आणि मग "तिला दुखलं का?" एवढेच विचारले.

यानंतर माझ्याकडून एक चूक झाली, ती इथे नोंदवायला हवी. यादी पूर्ण बाजूला ठेवा, असे मी सुचवले. परिणाम असा झाला की थोरली मुलगी रुसली, कारण चित्रकला स्पर्धेची वाट ती खरोखरच पाहत होती, आणि आईला रविवार रिकामा दिसल्यावर आपण मुलांसाठी काहीच करत नाही, ही टोचणी दुपटीने लागली. दोन मुले एकाच घरात असली तरी त्यांची भूक एकसारखी नसते, हे मी आधीच विचारायला हवे होते. स्पर्धा यादीत परत आली, ठोसेघर आणि दांडियाचा वर्ग गेले, आणि आम्ही घरात आधीच काय चालू आहे ते पाहायला लागलो.

घरात घट बसणार होता. पत्रावळीवर काळी माती पसरून आजी त्यात धान्य पेरत असत, आणि नातवंडांनी त्याला हात लावायचा नाही, असा दंडक होता. धाकट्याने तिसऱ्या दिवशी कोणी पाहत नसताना तांब्याभर पाणी ओतले. घटाचे धान कुजले तर ते अशुभ, अशी आजींची श्रद्धा, त्या संतापल्या. पण संध्याकाळी त्यांनीच नारळाच्या करवंटीत तीच माती आणि मूठभर गहू घालून त्याला दिले आणि चमच्याने पाणी कसे शिंपडायचे ते दाखवले. हा उपाय माझ्या कुठल्याही सल्ल्यापेक्षा चांगला होता. आज फुगले, आज पांढरे टोक आले, आज हिरवे झाले, असे रोज सकाळी सांगत त्याने दिवस मोजले, आणि ज्या काळाची त्याला कल्पना येत नव्हती तो काळ करवंटीत बोटभर वाढलेला त्याला दिसला. बोर्डीला १९४५ साली बालशिक्षणाचे काम सुरू करणाऱ्या ताराबाई मोडक यांनी पाने, शंखशिंपले, खडे अशा परिसरात फुकट मिळणाऱ्या वस्तूंतून मुलांना शिकवले, त्याची मला या करवंटीमुळे आठवण झाली.

थोरलीसाठी आजींनी हादगा मांडला. हस्त नक्षत्र लागले की पाटावर हत्तीचे चित्र ठेवून मुलींनी फेर धरायचा. पहिल्या दिवशी एक गाणे, दुसऱ्या दिवशी दोन, असे सोळाव्या दिवशी सोळा, आणि खिरापतही त्याच हिशेबाने वाढत जाते. नोकरी-शाळेच्या धबडग्यात सोळा दिवस जमले नाहीत, पाच झाले. आई त्यांपैकी दोनच दिवस वेळेवर पोहोचली, पण खिरापत ओळखण्याच्या खेळात ती पोरींमध्ये जमिनीवर मांडी घालून बसली होती, असे मुलीने मला दोनदा सांगितले.

दिवाळीत किल्ला आला, आणि तिथे वडिलांची कसोटी लागली. पहिली पाळी असल्याने दुपारनंतर ते मोकळे असत. त्यांना हुबेहूब प्रतापगड करायचा होता; दगड, विटा, पोते, चिखल सगळे त्यांनीच रचले आणि मुलगी दोन तासांनी घरात निघून गेली. वडील दुखावले. मी त्यांना एकच विनंती केली, की दुसऱ्या दिवशी फक्त चिखल कालवून द्यावा आणि विचारल्याशिवाय काही सुचवू नये. मुलीने ठरवले की किल्ला अजिंक्यताराच करायचा, कारण तो आपल्या खिडकीतून दिसतो. माथ्यावर तिने खराट्याच्या काड्यांचा टीव्हीचा मनोरा उभारला. महाराजांच्या काळात मनोरा नव्हता, हे वडिलांच्या ओठांवर आले होते, पण त्यांनी ते गिळले. धाकट्याने अळीव पेरले. भिजल्यावर दाण्यांना येणारा बुळबुळीत थर बोटांवर चोळत तो अर्धा तास पायरीवर बसून होता. मोती चौकातून आणलेले मावळे सगळे एकाच बुरुजावर दाटीवाटीने उभे राहिले, आणि तसेच राहू दिले गेले.

प्रत्येक रडण्याचे कारण असे साधे असतेच, असे मात्र मी म्हणणार नाही. सहलीपुरतेच नव्हे, तर घरी, शाळेत आणि आवडत्या खेळातही मूल आठवडेच्या आठवडे चिडचिडे राहत असेल, झोप-भूक बिघडली असेल, बोलणे मागे पडत असेल किंवा आवाज-गर्दीने दर वेळी त्याचा तोल सुटत असेल, तर आधी बालरोगतज्ज्ञांना दाखवावे. या मुलाच्या बाबतीत तसे काही नव्हते. बालवाडीत तो रमत होता, हे मी त्याच्या बाईंशी बोलून खात्री करून घेतले होते.

तुळशीच्या लग्नानंतर आई पुन्हा आली. किल्ला अजून मोडलेला नव्हता, अळीव पिवळे पडून आडवे झाले होते आणि धाकटा तरी त्यांना चमच्याने पाणी घालत होता. रडणे थांबलेले नाही, पण बाहेर निघताना आता एकच ठिकाण ठरते आणि परतायची घाई नसते, असे ती म्हणाली. रविवारी सकाळी हातात काही नसले की तिला अजूनही बेचैन वाटते. नाश्त्यानंतर ती चार वेळा फोन उचलते, मुलांना कुठे न्यावे ते शोधते आणि खाली ठेवते. मुलांचा प्रश्न आता बाजूला ठेवून या बेचैनीबद्दलच बोलायचे, असे आम्ही ठरवले आहे, आणि पुढच्या दोन भेटी तिने एकटीच्याच घेतल्या आहेत.