राजकारणाला कंटाळून चीनला यायचं म्हणतेस, तर

तू मला ताई म्हणतेस, म्हणून सरळ अगं-तुगं करते. तुझा पहिला प्रश्न असा, की शांघायजवळच्या सुझोऊच्या इंटरनॅशनल शाळेत गणित शिकवायची ऑफर आली आहे, तर न्यू जर्सीतल्या एडिसनचं घर भाड्याने देऊन नवऱ्याला आणि सहा वर्षांच्या लेकीला घेऊन यावं का. दुसरा तू शेवटी दोन ओळींत उरकलास : 'इथल्या रोजच्या राजकारणाचा वीट आलाय गं, तिकडे त्यातून सुटका होते का?'

दुसऱ्याचं आधी सांगते. नाही होत.

मी सांगलीची, मग चौदा वर्षं पिट्सबर्गची. तिथेच अमेरिकन पासपोर्ट घेतला आणि २०१७ पासून शांघायच्या मिनहांग भागात राहते. गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात क्वालिटी बघते. आलो तेव्हा आम्हीही बातम्या बंद करायचं ठरवलं होतं. २७ ऑक्टोबर २०१८ च्या रात्री जेवणं झाली होती आणि फोन वाजायला लागला. पिट्सबर्गच्या स्क्विरल हिलमधल्या सिनेगॉगमध्ये, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनास्थळात, गोळीबार, अकरा माणसं गेली. आम्ही त्याच वस्तीत राहायचो. सोमवारी कारखान्यात ज्याने त्याने काळजीने विचारलं, 'तुमचे लोक बंदुका काढून का घेत नाहीत?' उत्तर द्यायला अख्ख्या मजल्यावर अमेरिकन अशी मी एकटीच.

इथे एक गंमत आहे. नोकरी शोधताना माझा चेहरा भारतीय असतो आणि भांडण निघालं की पासपोर्ट अमेरिकन. माझ्या नणंदेने इंग्रजी शिकवायची नोकरी शोधली, तेव्हा एजंटने पदवीच्या आधी फोटो मागितला. फोटो गेल्यावर त्याचा फोन काही आला नाही. तुझी ऑफर हातात आहे म्हणजे तो अडथळा पार झाला, पण लेकीला 'तू खरी अमेरिकन का?' हे टॅक्सीवालेसुद्धा विचारतील. राग मानू नकोस, चौकशी असते नुसती.

सहा जानेवारी २०२१ ला वॉशिंग्टनमध्ये लोक कॅपिटॉलमध्ये घुसले, तेव्हा इथे सात तारखेची पहाट होती. मी ऑफिसला पोचेपर्यंत सगळ्यांच्या वीचॅटवर (इथलं व्हॉट्सअॅपच समज) व्हिडिओ. हाँगकाँगच्या आंदोलनाला अमेरिकी प्रतिनिधीगृहाच्या तेव्हाच्या अध्यक्ष नॅन्सी पेलोसींनी २०१९ मध्ये 'सुंदर दृश्य' म्हटलं होतं, ते इथे कोणी विसरलेलं नव्हतं. 'मग हेही सुंदर का?' असं विचारून मंडळी पोट धरून हसत होती. मी पण हसले, आणि मग बाथरूममध्ये जाऊन बसले थोडा वेळ. ट्रम्पना इथे गमतीने छ्वान ज्येनक्वो म्हणतात. ज्येनक्वो म्हणजे राष्ट्रउभारणी, १९४९ नंतर जन्मलेल्या पोरांना सर्रास ठेवलेलं नाव. अर्थात, गडी अमेरिकेचा असला तरी उभारतोय चीन! एप्रिल २०२५ मध्ये अमेरिकेने चिनी मालावर १४५ टक्के आणि चीनने अमेरिकन मालावर १२५ टक्के आयातशुल्क लावलं, तेव्हा मात्र हा विनोद कोणी केला नाही. आमचे कंटेनर अडकले, ओव्हरटाइम बंद झाला. १२ मे ला जिनिव्हाहून तात्पुरता तह झाल्याची बातमी आली, तोवर पॅकिंगच्या बायका मला रोज विचारायच्या, 'तुमचा काय म्हणतोय?' जणू तो माझा दीर.

राजकारणावर बोलायची ही उधारी एकतर्फी आहे, हे तुला आधीच सांगून ठेवते. तू तुझ्या राष्ट्राध्यक्षाला भर हॉटेलात शिव्या घालू शकतेस, टेबल हसेल. पण तिकडून परतफेड येत नाही, आणि तू मागायचीही नाही. २०२२ च्या एप्रिल-मे मध्ये कोविडमुळे शांघाय बंद होतं. दोन महिने आम्ही सोसायटीच्या ग्रुपवर मिळून भाजी मागवत होतो. कधी कोबी, कधी नुसताच कोबी. त्याच वर्षी नोव्हेंबरअखेर उरुम्चीतल्या आगीनंतर इथल्या वुलुमुची रोडवर लोक निषेध म्हणून कोरे कागद हातात धरून उभे राहिले. सोमवारी, २८ तारखेला, कारखान्यात त्यावर एक शब्द नाही. जेवताना शेजारचा म्हणाला, 'जॉर्जियात सिनेटची फेरनिवडणूक आहे ना? कोण येईल?' मी अर्धा तास जॉर्जियावर बोलले. दोघांनाही कळत होतं आपण कशावर बोलत नाही आहोत ते.

सुरक्षिततेचंही सांगते. रात्री अकराला मी मेट्रोने एकटी येते, मागे वळून बघत नाही. लेकीच्या शाळेत बंदूकधारी घुसला तर लपायचं कुठे, याचा सराव होणार नाही, आणि हे सुख लहान नाही. पण स्वर्ग समजू नकोस. जून २०२४ मध्ये सुझोऊतच जपानी शाळेच्या बसथांब्यावर एकाने आई-मुलावर चाकू चालवला. त्याला अडवताना बसमधल्या मदतनीस हू योउफिंग यांचा जीव गेला. दोनच आठवडे आधी जीलिनमध्ये आयोवातल्या कॉलेजच्या चार शिक्षकांवर हल्ला झाला होता. अशा बातम्या इथे लवकर विझतात. त्यामुळे काय घडलं आणि किती वेळा घडतं, याचा अंदाज नीट बांधता येत नाही.

आता कागद. तुला झेड, म्हणजे नोकरीचा व्हिसा, नवऱ्याला आणि लेकीला एस-१, म्हणजे कुटुंबाचा. एस-१ वर नोकरी करता येत नाही, हे नवऱ्याला आजच सांग, तिकिटं काढल्यावर नको. पदवी आणि एफबीआयचा, गुन्हा नसल्याचा दाखला अपोस्टिल करून, म्हणजे परदेशात चालणारा सरकारी शिक्का मारून लागतो. ७ नोव्हेंबर २०२३ पासून चीन अपोस्टिलच्या करारात आल्याने दूतावासाचे हेलपाटे वाचले. पण तुमचं लग्न ठाण्यात झालं ना? मग विवाहाचा दाखला भारतातूनच प्रमाणित होईल, न्यू जर्सीत नाही, आणि भारत-चीनमध्ये तो करार लागू नसल्याने तिथे चिनी दूतावासाचा शिक्काही लागेल. सासऱ्यांना आत्तापासून कामाला लाव, यातच सगळ्यात वेळ जातो. पोचल्यावर चोवीस तासांत घराजवळच्या पोलीस ठाण्यात नोंद, तीस दिवसांत राहण्याच्या परवान्याचा अर्ज. व्हीपीएन अमेरिकेतूनच टाकून ये, नाहीतर आईचा व्हॉट्सअॅप कॉल लागायचा नाही.

अंकल सॅम पिच्छा सोडत नाही. इथे कर भरलास तरी तिकडे रिटर्न भरायचंच. २०२५ साठी परदेशातल्या कमाईवरची सूट १,३०,००० डॉलरपर्यंत आहे, पण ती मागावी लागते, आपोआप मिळत नाही. परदेशी खात्यांत मिळून वर्षात कधीही १०,००० डॉलरच्या वर रक्कम गेली तर एफबार, म्हणजे त्या खात्यांची माहिती देणारा फॉर्म, भरायचा. आम्ही पहिल्या वर्षी विसरलो आणि पुढचा महिनाभर झोप उडवून घेतली. सोशल सिक्युरिटीचा, म्हणजे निवृत्तिवेतनाच्या कपातीचा, दोन देशांत करार नाही, तेव्हा शाळा इथला सामाजिक विमा कापते का ते विचार.

आणि मतदान. दर जानेवारीला परदेशस्थ मतदाराचा पोस्टकार्ड अर्ज भर. तुझं मत न्यू जर्सीचंच राहील. आमचं मत पिट्सबर्गच्या राज्याचं, आणि पेनसिल्व्हेनिया आमच्याकडून कागदच परत मागतं. २०२० मध्ये पोस्टाचा भरवसा नव्हता म्हणून आम्ही कुरिअरने पाठवलं. एका मताला किती पैसे लागले ते सासूबाईंना सांगितलं नाही. राष्ट्राध्यक्षपदाचा निकाल लागला तो इथल्या ८ नोव्हेंबरच्या मध्यरात्री साडेबाराच्या सुमारास, पेनसिल्व्हेनियावरच. मुलाला उठवून दाखवलं. इतक्या लांब येऊन, बघ, इतकी गुंतले मी.

खाण्याची चिंता करू नकोस. कोथिंबीर, शेंगदाणे, जिरं कोपऱ्यावर मिळतं, तूरडाळ ऑनलाइन येते. हिंग तेवढा आण.

राहता राहिला पहिला प्रश्न. ऑफरमध्ये लेकीची फी पूर्ण माफ आहे की काही टक्के, हे तू लिहिलेलंच नाहीस. या शाळांची फी पदरची भरायची झाली तर तुझ्या पगारात काही उरायचं नाही. ते कलम फोटो काढून पाठव, रात्री वाचून सांगते.