कोल्हापुरात लूथरन नाताळ: चार रविवार आणि बारा दिवस

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. पत्नी झारखंडातल्या खुंटीकडची, तिथल्या गोस्सनर लूथरन मंडळीत, म्हणजे जर्मन धर्मसुधारक मार्टिन लूथरच्या परंपरेतल्या चर्चमध्ये वाढलेली. मे महिन्यात लग्न होऊन कोल्हापुरात आली, इथं दवाखान्यात नोकरी करते. तुम्ही दोघं तुमच्या चर्चला जाता, सगळे प्रेमानं वागवतात, पण ती म्हणते, "इथं नाताळ एकदम पंचवीस तारखेलाच येतो, आमच्याकडे तो हळूहळू यायचा." आणि जवळपास लूथरन चर्च सापडत नाही, तर घरात काय करता येईल, असं तुम्ही विचारलंय.

मी कोल्हापूरचाच. आमच्या घरात चौथी पिढी ख्रिस्ती. नोकरीच्या निमित्तानं बारा वर्षं रांचीत होतो, धुर्व्याला, हेवी इंजिनिअरिंग कॉर्पोरेशनच्या फाउंड्रीत. ती सगळी वर्षं गोस्सनर मंडळीत उपासनेला गेलो. त्यामुळे सूनबाई, म्हणजे तुमच्या पत्नी, काय म्हणतात ते मला नेमकं कळलं. त्यांना माझा 'यीशु सहाय' सांगा. माहेरची सलामी कानावर पडली की बरं वाटेल.

आधी एक गोष्ट समजून घ्या, म्हणजे कुणाचा राग येणार नाही. आपल्या कोल्हापूरच्या मंडळीचा उगम अमेरिकन मिशनरी रॉयल वाइल्डर यांच्या कामात आहे. ते १८५२ साली इथं आले आणि पुढं हे काम प्रेस्बिटेरियन मिशनकडं गेलं. ही परंपरा कॅल्विन या दुसऱ्या धर्मसुधारकाच्या बाजूची. तिनं चर्चच्या वर्षातले बरेच सण आणि काळ बाजूला ठेवले होते. स्कॉटलंड हे प्रेस्बिटेरियन लोकांचं मूळ घर, तिथं नाताळची सार्वजनिक सुट्टी १९५८ साली सुरू झाली. लूथरनं मात्र चर्चचं वर्ष मोडलं नाही. आगमनकाळ (नाताळआधीचा चार रविवारांचा तयारीचा काळ), नाताळ, प्रकटीकरणाचा सण, ईस्टरआधीचा उपवासकाळ, सगळं ठेवलं आणि त्यात लोकांच्या भाषेतलं वचन आणि गाणं भरलं. त्यामुळे आपल्याकडे आगमनकाळ पाळला जातो तो कमीजास्त, पाळकसाहेबांवर अवलंबून. लूथरन माणसासाठी तो नाताळचा अर्धा भाग आहे. आपल्या लोकांची भक्ती त्यामुळे कमी ठरत नाही. वळण वेगळं आहे, इतकंच.

आता आगमनकाळ म्हणजे नेमकं काय. ३० नोव्हेंबरच्या सर्वांत जवळचा जो रविवार, तो पहिला. म्हणजे २७ नोव्हेंबर ते ३ डिसेंबर यांच्या दरम्यान कधीतरी. तिथून चार रविवार. पंचवीस तारीख रविवारी आली तर हा काळ पूर्ण २८ दिवसांचा, सोमवारी आली तर फक्त २२ दिवसांचा. वेदीवर जांभळं वस्त्र असतं (काही देशांतल्या लूथरन मंडळ्या आता निळं घालतात). रांचीत मला सर्वांत जास्त जाणवलेली गोष्ट म्हणजे उपासनेतलं देवदूतांचं गौरवगान, 'ऊर्ध्वलोकी देवाला गौरव', ते या चार आठवड्यांत म्हणत नाहीत. रविवारी त्या जागी आल्यावर मंडळी गप्प राहायची आणि पुढच्या भागाकडं जायची. पहिल्या वर्षी मला वाटलं, पाळक विसरले. चोवीसच्या रात्री तेच गान जेव्हा सगळ्या चर्चनं उभं राहून म्हटलं, तेव्हा माझ्या शेजारी बसणारे एक म्हातारे काका, फोर्ज शॉपमधून निवृत्त झालेले, डोळे पुसत होते. चार आठवडे ओठांशी थांबवलेलं गाणं ते. सूनबाई 'हळूहळू येतो' म्हणतात ते हेच.

घरी करायची मुख्य गोष्ट म्हणजे मेणबत्त्यांचं चाक. हे खास लूथरन घराण्यातलंच आहे. हॅम्बुर्गमध्ये योहान हिनरिख विखेर्न नावाचे लूथरन धर्मशास्त्री गरीब मुलांसाठी एक आश्रमगृह चालवत होते, १८३३ पासून. मुलं रोज विचारायची, नाताळ आला का? १८३९ साली त्यांनी एक जुनं गाडीचं चाक घेतलं, त्यावर २० लहान लाल आणि ४ मोठ्या पांढऱ्या मेणबत्त्या बसवल्या. त्या वर्षी १ डिसेंबरलाच रविवार होता, म्हणून नाताळच्या आदल्या दिवसापर्यंत बरोबर २४ दिवस. रोज एक लहान, रविवारी एक मोठी. मुलांना दिवस मोजता येऊ लागले. पुढं घराघरांत फक्त चार रविवारच्या चार राहिल्या.

मी रांचीहून परत आलो त्या वर्षी शिवाजी उद्यमनगरात एका फाउंड्रीत कामाला लागलो होतो. तिथं एका मोल्डरला ही गोष्ट सांगितली. तो वारकरी माणूस, माळ घातलेला. त्यानं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "गाडीचं चाक म्हणताय तर चाकच ओतू की." सुताराकडून बैलगाडीच्या चाकाचा लाकडी पॅटर्न करून घेतला, एक फूट व्यासाचा, चार आऱ्यांचा. प्रत्येक आरा धावेला भिडतो तिथं मेणबत्तीसाठी वाटी. वाळूच्या साच्यात उरलेल्या लोखंडातून ते ओतलं. एका वाटीच्या कडेला वाळू चिकटून खडबडीत राहिलंय, ते त्यानं घासू दिलं नाही. म्हणाला, हाताला कळू दे कुठून सुरुवात करायची ते. तेव्हापासून दर वर्षी पहिली मेणबत्ती आम्ही त्या खडबडीत वाटीतच लावतो.

तुम्ही ओतकामाच्या मागं लागू नका. बुरडाकडून दीड फुटाचं बांबूचं कडं करून घ्या, त्याला सुरूच्या फांद्या सुतळीनं बांधा. कुंभाराकडच्या चार खोलगट पणत्या, त्यात वाळू भरून मेणबत्त्या रोवा. फांद्या दर शनिवारी बदला, कारण आपल्याकडच्या कोरड्या हवेत सुरू आठ-दहा दिवसांत वाळतो आणि भुरकन पेट घेतो. कडं पितळी परातीत ठेवा. उठताना मेणबत्त्या विझवून उठा.

रविवारी दिवेलागणीला पहिल्या आठवड्यात एक, दुसऱ्यात दोन, अशा लावायच्या. सोबत वाचन. लूथरन मंडळीत जुन्या क्रमाप्रमाणं पहिल्या रविवारी मत्तय २१ वाचतात, येशू गाढवावर बसून यरुशलेमेत येतो तो भाग. आपल्याला तो ईस्टरच्या आदल्या, झावळ्यांच्या रविवारचा म्हणून माहीत, त्यामुळे तुम्ही दचकाल. पण राजा येतोय, ही हाक तिथं आहे. दुसऱ्याला लूक २१. तिसऱ्याला मत्तय ११: येणारा तो तूच की आम्ही दुसऱ्याची वाट पाहावी, हा बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाचा तुरुंगातून आलेला प्रश्न. मला तो सगळ्या आगमनकाळातला सर्वांत खरा भाग वाटतो. चौथ्याला आम्ही लूक १ मधलं मरीयेचं गीत घेतो. लूथरनं १५२१ मध्ये त्याच्यावर मोठं विवेचन लिहिलं होतं. देव दीनांकडं बघतो, या एका गोष्टीवर त्याचा सगळा भर आहे.

गाण्याबद्दल. इथं घाई करू नका आणि इंग्रजी कॅरोल मोबाइलवर लावून मोकळे होऊ नका. लूथरन माणसाला गाणं तोंडानं लागतं. लूथरनं स्वतःच्या मुलांसाठी नाताळचं पंधरा कडव्यांचं गीत लिहिलं, १५३५ मध्ये छापलं गेलं. पहिली पाच कडवी देवदूताच्या तोंडी, पुढं ऐकणारे उत्तर देतात. म्हणजे घरातल्या घरात सवालजवाबासारखं. आपल्याकडे हेच काम रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी केलं. अभंग-ओवीच्या चालीत, मराठी माणसाच्या गळ्यात बसेल असं ख्रिस्ताचं गाणं दिलं. तुमच्या घरात 'उपासना संगीत' हे गीतांचं पुस्तक असेलच. एका रविवारी त्यातलं एक तुम्ही म्हणा, एक सूनबाईंना त्यांच्याकडच्या सादरी किंवा मुंडारी भाषेत म्हणू द्या. तुम्हाला शब्द कळले नाहीत तरी बसून ऐका. आम्ही रांचीत पहिली दोन वर्षं तसेच बसायचो; तिसऱ्या वर्षी बायको धुर्व्याच्या बायकांबरोबर सादरीत गात होती.

एक चूक मी केली ती सांगतो. परत आल्यावर मी मंडळीच्या कमिटीत आग्रह धरला की कॅरोलची फेरी चोवीसच्या आधी काढू नये, आगमनकाळात नाताळची गाणी म्हणणं बरोबर नाही. आपली तरुण पोरं डिसेंबरच्या मधल्या आठवड्यापासून घरोघर जातात, ढोलकी-गिटार घेऊन, रात्री दोन-दोन वाजेपर्यंत. त्या फेरीची घरातली म्हातारी माणसं वर्षभर वाट बघतात. मी जोर लावला, वाद वाढला, त्या वर्षी फेरी निम्मीच निघाली. एका अंथरुणाला खिळलेल्या आजींच्या घरी पोरं पोचली नाहीत, आणि पुढच्या नाताळला त्या नव्हत्या. ते अजून मनात आहे. म्हणून सांगतो, घरातला काळ घरात पाळा, मंडळीचा मंडळीत. फेरी आली की दार उघडा, चहा टाका, त्यांच्याबरोबर मोठ्यानं गा. सूनबाईंनाही फेरीत पाठवा. खुंटीच्या मुलीला गाणं आणि ठेका शिकवावा लागणार नाही.

खाण्याचं सोपं आहे. झारखंडात नाताळला अरसा करतात, तांदळाचं पीठ आणि गुळाचा पाक, तळलेला. आपला अनारसा त्याचा सख्खा भाऊ. फरक एवढाच की ते गरम पाकात पीठ मिसळून लगेच तळायला घेतात. आपण तांदूळ तीन दिवस भिजवतो, रोज पाणी बदलतो, सावलीत वाळवून कुटतो, गुळात मळून डब्यात मुरवत ठेवतो आणि मग खसखशीवर थापतो. डिसेंबरात आपल्याकडे गुऱ्हाळं चालू असतात, ताजा पिवळाधमक गूळ मिळतो. दोन्ही करा. आमच्या घरी अनारशाचे तांदूळ दुसऱ्या रविवारी संध्याकाळी भिजत पडतात, दोन मेणबत्त्या विझवल्यावर. करंज्या-चकल्या तुमच्या आई करतीलच.

शेजाऱ्यांना काय सांगायचं, असाही तुमचा एक प्रश्न होता. आमच्या समोरच्या आजींनी एकदा विचारलं, दर रविवारी एक दिवा का वाढतो? मी सांगू लागलो तर मध्येच म्हणाल्या, "म्हणजे आमचे मार्गशीर्षातले गुरुवार, तसे तुमचे चार रविवार." दोन्हींचा अर्थ वेगळा आहे, पण ठरलेल्या दिवशी घर आवरून दिवा लावून बसणं त्यांना माझ्याआधी कळलं. तेव्हापासून पंचवीसला त्यांच्याकडं ताट जातं, आणि गुरुवारच्या उद्यापनाचं केळं आमच्याकडं येतं.

आणि पंचवीसनंतर थांबू नका. याकडं तुमचं लक्ष गेलेलं दिसत नाही, पण सूनबाईंना हेही खटकेल. आपल्याकडे सव्वीसला गव्हाणीचा देखावा आवरला जातो, झाड उतरतं, मग थेट एकतीसची रात्रीची उपासना. लूथरन वळणात नाताळ पंचवीसला सुरू होतो आणि ६ जानेवारीला, मागी लोक (पूर्वेकडचे ज्ञानी) ताऱ्यामागून येतात त्या प्रकटीकरणाच्या सणापर्यंत चालतो. बाख हा पक्का लूथरन संगीतकार. त्याचं नाताळचं मोठं संगीत सहा भागांत आहे, आणि लाइपझिगच्या चर्चमध्ये ते सहा वेगवेगळ्या दिवशी सादर झालं, २५ डिसेंबर १७३४ पासून ६ जानेवारी १७३५ पर्यंत. तर तुमचा तारा सहा तारखेपर्यंत गॅलरीत राहू द्या. आपल्या लोकांना यात नवल नाही; आकाशकंदील पाडव्याला कोण उतरवतं? या बारा दिवसांत रोज एका घरी जा किंवा एका माणसाला घरी बोलवा. तुमच्या पत्नीबरोबर काम करणाऱ्या, सुट्टी न मिळालेल्या मुली असतीलच, त्यांच्यापासून सुरू करा.

ख्रिसमस ट्रीवर पहिल्यांदा मेणबत्त्या लूथरनं लावल्या, ही गोष्ट कुणीतरी तुम्हाला सांगेल. ती आख्यायिका आहे, त्याच्या काळातला पुरावा नाही. मुलांना सांगताना तेवढं सांभाळा.

प्रभुभोजनाबद्दल, म्हणजे भाकर आणि द्राक्षारसाच्या विधीबद्दल विचारलंत. दोन्ही परंपरांची शिकवण त्या बाबतीत अगदी एकसारखी नाही. डिसेंबरच्या गडबडीआधी पाळकसाहेबांना दोघं मिळून भेटा, सूनबाईंचं मंडळीचं पत्र दाखवा आणि मोकळेपणी विचारा.

रांचीच्या मंडळीचा इतिहासही त्यांच्याकडूनच ऐकून घ्या. बर्लिनच्या गोस्सनर पाळकांनी पाठवलेले चौघे २ नोव्हेंबर १८४५ ला रांचीत पोचले आणि उरांव आदिवासींतला पहिला बाप्तिस्मा झाला ९ जून १८५० ला, चौघांचा. मधली साडेचार वर्षं त्यांच्यातला एकही माणूस नाही. त्या लोकांना वाट बघणं पुस्तकातून शिकावं लागलेलं नाही.

शेवटचं, पहिल्या रविवारचं. सासरेबुवांना आधी फोन करून वेळ ठरवा आणि दोन्ही घरी मेणबत्ती एकदमच लावा, व्हिडिओ कॉलवर. फक्त तिकडं सूर्य आपल्यापेक्षा जवळपास तासभर आधी मावळतो. खुंटीत पाच वाजून गेले की अंधारतं, आपल्याकडे सहा वाजतात. त्यांना तासभर अंधारात बसवू नका. साडेपाचला लावा, आपल्याकडे थोडा उजेड असला तरी चालेल, आणि पहिलं कडवं सूनबाईंच्या आईंना सुरू करू द्या.