ऑर्नेट कोलमनसारखे फ्री जॅझवाले मनाला येईल ते वाजवतात का? आणि सॅक्सोफोन शिकणाऱ्याने या वाटेला जावं का?

तुम्ही प्रश्नाखाली लिहिलंय की कोलमनचं थोडं ऐकलं आणि "सुरात नाही असं वाटलं". हे वाक्य वाचलं आणि राहवलं नाही. मी पुण्यात बरीच वर्षं ऑर्केस्ट्रात ऑल्टो, म्हणजे मधल्या आकाराचा सॅक्सोफोन, वाजवला आहे, हे वाक्य मला तोंडावर ऐकवलं गेलंय.

आधी सरळ उत्तर. नाही, मनाला येईल ते वाजवत नाहीत. कोलमन हा अमेरिकन सॅक्सोफोनवाला, त्याच्या ट्यूनला व्यवस्थित मुखडा असतो, तो आणि ट्रंपेटवाला डॉन चेरी मिळून वाजवतात, सोलो झाले की परत मुखड्यावर येतात. फक्त मधल्या सोलोला आधी ठरलेल्या कॉर्ड्स, म्हणजे एकत्र वाजणारे स्वरसमूह, नाहीत, म्हणून बँडमधे पियानोच ठेवला नाही, आणि चार्ली हेडन बेसवर त्याचं ऐकत ऐकत खालचा स्वर ठरवत जातो. हे ऐकायला सोपं वाटतं पण ठरलेल्या कॉर्ड्सवर वाजवण्यापेक्षा अवघड आहे कारण चुकलात तर लपायला जागा नाही.

माणूस 1930 चा, टेक्ससमधल्या फोर्ट वर्थचा. वडील लहानपणी गेले, आई शिवणकाम करायची, ऑल्टो हा स्वतःचा स्वतःच शिकला. ऑल्टो इ-फ्लॅटचा, त्यावर सी हा स्वर वाजवला की पियानोवरचा इ-फ्लॅट येतो, म्हणजे आपली काळी दोन, हे त्याला सुरुवातीला माहीतच नव्हतं. लोक म्हणतात सगळा घोळ तिथूनच झाला. मला उलट वाटतं, कागदावर काय लिहिलंय यापेक्षा कानाला काय येतंय यावर भरवसा ठेवायची सवय त्याला तिथेच लागली. 1949 च्या सुमारास बॅटन रूजला एका डान्सच्या कार्यक्रमात टेनर (ऑल्टोपेक्षा मोठा सॅक्सोफोन) वाजवत होता, सोलो आवडला नाही म्हणून लोकांनी बाहेर नेऊन मारलं आणि सॅक्सोफोन मोडून टाकला. त्यानंतर लॉस एंजेलिसला लिफ्टमनची नोकरी, तिथेच थिअरीची पुस्तकं वाचायची. 1954 मधे नवा धातूचा ऑल्टो परवडत नव्हता म्हणून पांढऱ्या प्लॅस्टिकचा ग्राफ्टन घेतला, त्याच ग्राफ्टनवर पुढे नाव झालं. पहिली रेकॉर्ड 1958 ला, आणि नोव्हेंबर 1959 मधे न्यूयॉर्कच्या फाइव्ह स्पॉट क्लबमधे दोन आठवड्यांसाठी बोलावलं ते दोन महिन्यांच्या वर चाललं. ऑर्केस्ट्रा कंडक्टर लिओनार्ड बर्नस्टाइनला आवडलं, जॅझचा मोठा ट्रंपेटवाला माइल्स डेव्हिस वाईट बोलला, शहरात दोन तट पडले.

आता माझं. जुन्या हिंदी गाण्यांचा कार्यक्रम होता, "है दुनिया उसी की" होतं, ज्यात मनोहारी सिंग यांचा सॅक्सोफोन रफीसाहेबांच्या ओळींच्या मधेमधे बोलत राहतो. मी त्या काळात कोलमनचं "लोनली वुमन" रोज रात्री ऐकत होतो. एका ओळीनंतरचा लांब स्वर मी जरा खाली धरला आणि सावकाश वर आणला, गाणं दारू प्यायलेल्या माणसाचं आहे, तिथे स्वर सरळ उभा राहिला तर अर्थच जातो. इंटरव्हलला आमचे ऑर्केस्ट्रावाले दादा, स्वतः कीबोर्ड वाजवायचे, सगळ्यांसमोर म्हणाले, "सॅक्स बेसूर लागतोय, रीड बदल." रीड म्हणजे तोंडाशी लावायची वेताची पट्टी. मी म्हटलं, दादा रीड ठीक आहे, मी मुद्दाम केलं. तर म्हणे, "मुद्दाम म्हणजे काय? लोकांनी रेकॉर्ड ऐकायला तिकीट काढलंय." पुढच्या कार्यक्रमाला मला फोन आला नाही, दुसरा मुलगा घेतला. चांगला वाजवायचा तो मुलगा, त्याच्यावर राग नाही.

पण दादांना माझं तेव्हाही हेच म्हणणं होतं आणि आजही आहे. त्यांच्या कीबोर्डवर कोमल गांधार एकाच जागी असतो. दरबारीचा गांधार आणि भीमपलासचा गांधार एकच आहे असं कुठल्याही गवयासमोर म्हणून दाखवा. कोलमन म्हणायचा की "पीस" (म्हणजे शांती) नावाच्या ट्यूनमधला एफ हा स्वर आणि दुःख सांगणारा एफ एकसारखा वाजता कामा नये. टेक्ससच्या माणसाला हे कळलं, आणि तानपुऱ्याच्या देशात राहून आमच्या दादांना रीडच खराब दिसली!

पोट भरतं का? त्याचंच बघा. 1960 ला "फ्री जॅझ" रेकॉर्ड केली, दोन चौकड्या एकाच वेळी, एक डाव्या स्पीकरमधे एक उजव्या, सदतीस मिनिटं सलग, अख्ख्या चळवळीला त्या रेकॉर्डचं नाव मिळालं. आणि 1962 नंतर जवळजवळ 1965 पर्यंत हा माणूस लोकांसमोर वाजवतच नव्हता कारण आपली किंमत त्याने वाढवली आणि क्लबवाले तेवढं द्यायला तयार नव्हते. त्या काळात ट्रंपेट आणि व्हायोलिन शिकला. 1967 ला गुगेनहाइम फेलोशिप, 1972 ला लंडन सिम्फनी ऑर्केस्ट्राबरोबर रेकॉर्ड, आणि पुलित्झर पुरस्कार 2007 मधे, वय 77. 2015 ला गेला. म्हणजे मान मिळाला पण हिशोब करून कोणी या धंद्यात पडू नये, मी तरी घर लग्नाच्या आणि हॉटेलच्या कामांवरच चालवलं.

सुरुवात "फ्री जॅझ" रेकॉर्डने अजिबात करू नका, तिथूनच लोक पळतात. आधी "टर्नअराउंड" ऐका, साधा बारा बारचा (बार म्हणजे तालाचा एक छोटा भाग) ब्लूज आहे, मग "रॅम्ब्लिन", मग "लोनली वुमन". आणि एक सांगायचं राहिलं, फ्री जॅझच्या नावाखाली खरंच कचरा वाजवणारेही आहेत, मी ऐकलेत. कोलमन आधी कित्येक वर्षं रिदम अँड ब्लूजच्या बँडमधे नाचणाऱ्या लोकांसाठी वाजवून आला होता हे विसरू नका.

तुम्ही शिकत असाल तर ट्यूनर (स्वर चढा की उतरलेला ते दाखवणारं यंत्र) समोर ठेवून रोज लाँग टोन करा, म्हणजे एकेक स्वर लांब धरा, वर्षभर तरी. स्वर बरोबर मधोमध उभा करता आला की मगच तो हलवा. आणि कोणी बेसूर म्हटलं तर त्याला तिथेच विचारा की कुठला स्वर, चढा की उतरलेला. आमच्या दादांना मी हे विचारलं होतं, उत्तर अजून आलेलं नाही.