स्वयंमूल्यमापनात ‘निरंक’ लिहिण्याआधी

तुमची पोस्ट दोनदा वाचली. नोकरीला चार वर्षं, दोन टेबलांचा कार्यभार, मार्च आला की छातीत धडधड आणि सीआरचा, म्हणजे वार्षिक गोपनीय अहवालाचा फॉर्म (आधी आपण आपलं काम लिहायचं, मग साहेब शेरा देतात) तीन आठवडे ड्रॉवरमध्ये पडलेला. शेवटी विचारलंय, ‘साहेबांनी काय लिहिलं ते बघूच नये असं वाटतं, हे मलाच होतं का?’ नाही हो. मी 1999 ला लिपिक म्हणून लागले आणि पुढची वीस वर्षं माझाही ड्रॉवर असाच होता.

फॉर्म कसा भरायचा ते तुमची आस्थापना शाखा सांगेल. मी माझा गाढवपणा सांगते.

‘वर्षभरात केलेली उल्लेखनीय कामे’ या रकान्यात मी दरवर्षी एकच शब्द लिहायचे: निरंक, म्हणजे काही नाही. मासिक विवरणपत्रात लिहायची सवय, तोच शब्द स्वतःलाही लावला. मला तो नम्रपणा वाटायचा. खरं तर भीती होती. आपण आकडा लिहिला, साहेबांनी तो खोडला तर? त्यापेक्षा काहीच नको.

2015-16 चा फॉर्म तर मी दिलाच नाही. आज देऊ, उद्या देऊ करता करता साहेबांची बदली झाली. निरोप समारंभात पेढा खाताना मनात काय आलं असेल? बरं झालं, सुटले! या सुटकेनंच मला सगळ्यात जास्त बुडवलं.

2019 मध्ये वीस वर्षं पूर्ण झाली, आश्वासित प्रगती योजनेच्या (पदोन्नती नसली तरी ठरावीक वर्षांनी वरचं वेतन) दुसऱ्या लाभाची फाइल वर गेली आणि त्रुटी निघून परत आली: ‘सन 2015-16 चा गोपनीय अहवाल जोडलेला नाही.’ वरचं कार्यालय म्हणे जुन्या कार्यालयातून आणा. जुनं कार्यालय म्हणे सेवापुस्तकासोबत पाठवलाय, तिकडेच शोधा. लिहिलाच नव्हता तो अहवाल, पाठवणार काय! पण तसं लेखी द्यायलाही कुणी तयार नाही. त्या वरच्या कार्यालयात मी अकरा वेळा गेले. प्रत्येक वेळी संबंधित टेबलचे कर्मचारी रजेवर, नाहीतर प्रशिक्षणाला. असो, बीपी वाढतं.

त्या साहेबांच्या घरीही गेले. ते तोवर निवृत्त झाले होते. चहा दिला, बराच वेळ चेहरा निरखला आणि म्हणाले, “तुम्ही आवक-जावकला होतात ना?” मी त्या टेबलवर एक दिवस बसलेली नाही. तीन वर्षं त्यांच्या केबिनच्या दारालगत बसायचे. त्यांचाही दोष नाही, हाताखाली चाळीस माणसं. पण आपण कोरा कागद दिला तर आपलं वर्ष असल्या आठवणीच्या भरवशावर सोडतो, हे मला त्या चहाच्या वेळी कळलं. लाभ मिळाला एकोणीस महिन्यांनी. थकबाकी आली, पण मधल्या काळात मुलीच्या हॉस्टेलसाठी पतसंस्थेचं कर्ज काढलं होतं, त्याचं व्याज कोण देणार?

त्यानंतर मी एकच सवय लावली. कार्यविवरण नोंदवहीचा (टेबलवर आलेल्या नि निकाली काढलेल्या प्रकरणांची वही) दर आठवड्याचा गोषवारा आपण काढतोच (काढता ना? दप्तर तपासणीच्या आदल्या रात्री एकदम नव्हे!), त्यातले आकडे महिन्याला एका वहीत उतरवायचे. वर्षाखेरी रकान्यात लिहायचं: आरंभी शिल्लक 212, नवीन 640, निकाली 790, शिल्लक 62, पैकी 20 प्रकरणांत न्यायालयाची मनाई. ‘प्रामाणिकपणे व सचोटीने काम केले’ हे वाक्य मला अजिबात आवडत नाही, ते सगळेच लिहितात. आकडा आपणच आधी मांडला की समोरच्याच्या शेऱ्याची धास्ती कमी होते. निदान माझी झाली.

दुसरं, मार्चची वाट बघू नका. मी एकदा दिवाळीनंतर नव्या मॅडमना विचारलं, “माझ्या कामात काय कमी वाटतं?” हात इतके थरथरत होते की फाइल छातीशी धरली होती. त्या म्हणाल्या, “टिपणी फार लांब लिहिता.” बस, एवढंच! वीस वर्षं मी याला घाबरत होते.

आणि लिहिलेलं वाचायचंच. तो तुमचा हक्क आहे. 2008 च्या देव दत्त प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की वाईटच नव्हे, प्रत्येक शेरा कर्मचाऱ्याला कळवला पाहिजे. सीमा रस्ते विभागातल्या त्या अभियंत्याला 1993-94 साठी ‘चांगला’ असा शेरा होता, पदोन्नतीला ‘खूप चांगला’ लागत होता, आणि त्याला हे कुणी सांगितलंच नव्हतं. म्हणजे चांगला शेराही आड येतो. मी वकील नाही, अभिवेदनाची, म्हणजे शेऱ्याविरुद्ध लेखी म्हणणं मांडायची मुदत तुमच्या विभागाच्या जीआरमध्ये (शासन निर्णयात) बघा.

हेही सांगते, साहेब मुळातच डूख धरणारे असतील तर माझी वही फार कामाची नाही. तेव्हा युनियनमधला जाणता माणूस गाठा. खासगी नोकरीतलं तर मला काहीच माहीत नाही.

जाता जाता: फॉर्म दिल्यावर झेरॉक्सवर तारखेसह पोच घ्या. साहेबांची बदली वर्षाच्या मध्ये झाली आणि त्यांच्या हाताखाली तीन महिन्यांहून जास्त काम झालं असेल, तर तेवढ्या काळाचा अहवाल ते कार्यमुक्त होण्याआधी मागे लागून लिहून घ्या. पेढा नंतर खा.

आणि दुसऱ्या टेबलचा कार्यभार तोंडी दिलाय की लेखी आदेश आहे? लेखी असेल तर त्याचा क्रमांक आणि तारीख उल्लेखनीय कामांच्या रकान्यात आलीच पाहिजे. नसेल तर उद्याच साहेबांपुढे तशी टिपणी ठेवा, लहानशी.