इंजिन उघडल्यावर काय बदलावे, काय ठेवावे?

प्रश्न : माझी चार सिलिंडरची पेट्रोल गाडी १,९०,००० किलोमीटर चालली आहे. हजार किलोमीटरला ती जवळपास एक लिटर ऑइल खाते आणि चढावर निळा धूर सोडते. कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये तयार होणारा दाब, तपासले तेव्हा तीन सिलिंडरमध्ये ते दर चौरस सेंटिमीटरला १२ किलोच्या आसपास भरले, तिसऱ्या सिलिंडरमध्ये मात्र फक्त ८. एक मिस्त्री म्हणतात की नुसत्या रिंगा (पिस्टनभोवतीची कडी) टाकल्या तरी भागेल. दुसऱ्यांचे म्हणणे असे की इंजिन उघडतोच आहोत, तर सगळेच नवे टाकून मोकळे व्हावे. कोणाचे ऐकावे?

उत्तर : मापे हाती येईपर्यंत दोघांचेही ऐकू नये. दोन्ही सल्ले इंजिनाच्या आत न पाहता दिलेले आहेत, आणि एकही सुटा भाग त्याआधी विकत घेऊ नये, कारण पिस्टन आणि बेअरिंग कोणत्या मापाची लागतील हेच अजून ठरलेले नाही.

इंजिन उघडण्यापूर्वी एक सोपी तपासणी करून घ्यावी. तिसऱ्या सिलिंडरमध्ये प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल सोडून कॉम्प्रेशन पुन्हा मोजावे. आकडा १०-११ वर चढला, तर दाब रिंगांच्या बाजूने निसटतो आहे असे समजावे. तो होता तिथेच राहिला, तर दोष बहुधा व्हॉल्व्हमध्ये किंवा हेड गॅस्केटमध्ये (इंजिनाचे वरचे झाकण म्हणजे हेड, त्याच्या खालचे पॅकिंग) असतो. चढावर, म्हणजे इंजिनावर ताण असताना, येणारा निळा धूर बहुतेक वेळा रिंगा आणि बोअर (सिलिंडरचे आतले भोक) यांच्याकडे बोट दाखवतो, तर उतारावर ॲक्सिलरेटर सोडून पुन्हा दाबताच येणारा भपकारा व्हॉल्व्हच्या सीलमुळे असण्याची शक्यता अधिक असते.

सगळा निर्णय खरे तर बोअरभोवती फिरतो. सिलिंडर सर्वांत जास्त झिजतो तो वरच्या टोकाला, जिथे पहिली रिंग थांबून माघारी वळते तिथे. त्याच्याही वरच्या भागाला रिंग कधीच शिवत नाही, म्हणून तिथे एक बारीक कड उरते. बोटाचे नख आतून वर सरकवत नेले की ते या कडेला अडकते. माप मात्र नखाने घेता येत नाही. बोअर गेजने वर, मध्ये आणि खाली अशा तीन उंचींवर, आणि प्रत्येक ठिकाणी एकमेकींना काटकोनात असलेल्या दोन दिशांनी, म्हणजे एका सिलिंडरची सहा मापे घ्यावी लागतात. त्यांतून बोअर किती निमुळता आणि किती लंबगोल झाला आहे ते कळते. मर्यादा आपल्या गाडीच्या दुरुस्ती-पुस्तिकेत दिलेली असते आणि तीच प्रमाण मानावी. ती बहुधा मिलिमीटरच्या दहाव्या भागाच्या आसपास किंवा त्याहून कमी असते.

झीज मर्यादेच्या आत असेल, तर होनिंग करून (बोअर आतून हलके घासून) नव्या रिंगा टाकणे पुरते आणि पहिल्या मिस्त्रींचे म्हणणे खरे ठरते. जुन्या पिस्टनच्या रिंगांच्या खाचा रुंदावलेल्या नाहीत एवढे मात्र पाहावे. नवी रिंग बोअरमध्ये ठेवून, पिस्टन उलटा धरून तिला सरळ खाली ढकलावे आणि तिच्या दोन टोकांमधली फट फीलर गेजने (ठरावीक जाडीच्या पातळ पट्ट्यांनी) मोजावी. बोअर जुनाच असेल, तर हे माप तळाकडच्या, कमी झिजलेल्या भागात घ्यावे. वर बरोबर वाटणारी फट खाली बंद झाली तर रिंग जाम होऊन तुटते. झीज मर्यादेबाहेर गेली असेल, तर नव्या रिंगा टाकणे म्हणजे पैसे पाण्यात घालणे होय, कारण गोल रिंग लंबगोल भोकात बसत नाही, आणि वरची कड काढली नाही तर नव्या रिंगेची कोरी धार तिच्यावर आपटते. अशा वेळी बोअर मोठे करून ०.२५ किंवा ०.५० मिमी ओव्हरसाइज पिस्टन घालावे लागतात. आपल्याकडे एकच सिलिंडर खराब निघाला, तरी सर्वसाधारणपणे चारही एकाच मापाला बोअर करतात.

क्रँकच्या, म्हणजे पिस्टनच्या हालचालीने फिरणाऱ्या दांड्याच्या, बाबतीतही मायक्रोमीटर हाच पंच. त्याचा बेअरिंगमध्ये फिरणारा भाग, म्हणजे जर्नल, गुळगुळीत, गोल आणि मापात असेल, तर क्रँक तसाच ठेवून नवी बेअरिंग घालावीत. ओरखडे नखाला लागत असतील, तर ग्राइंडिंग करून अंडरसाइज (घासून बारीक झालेल्या जर्नलला बसणारी) बेअरिंग घेणे भाग आहे. काही क्रँकचा पृष्ठभाग कठीण केलेला असल्यामुळे कंपनीच ग्राइंडिंगला मनाई करते, हे मात्र आधी पाहावे. कनेक्टिंग रॉड (पिस्टन क्रँकला जोडणारे दांडे) आणि त्यांच्या टोकाच्या कॅप यांवर काढतानाच खुणा करून घ्याव्यात, कारण प्रत्येक कॅप तिच्या रॉडबरोबरच घडवलेली असते आणि अदलाबदल झाली की भोक गोल राहत नाही.

काही वस्तूंना मात्र माप लावत बसू नये: सर्व गॅस्केट, ऑइल सील, व्हॉल्व्हचे सील, बेअरिंग, रिंगा आणि अंशांच्या कोनात आवळायचे हेडचे बोल्ट. हे बोल्ट आवळताना मुद्दाम ताणले जातात आणि पुन्हा तितकीच पकड देतील याचा भरवसा नसतो. टायमिंग बेल्ट, त्याचा टेन्शनर आणि त्याच बेल्टवर चालणारा वॉटर पंप झिजलेला दिसला नाही तरी बदलावा, कारण तिथवर पोहोचण्याची मजुरी आपण आधीच मोजलेली असते.

‘सगळेच नवे’ हा सल्ला ऐकायला निर्धोक वाटतो, पण मला तो पटत नाही. मापात बसणारा मूळ कॅमशाफ्ट (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) काढून त्याजागी कुठलातरी स्वस्त नवा बसवण्याने इंजिनाचे आयुष्य वाढत नाही. हेड मात्र सपाट पट्टी आणि फीलर गेज लावून तपासल्याशिवाय बसवू नये.

प्रश्न : ऑइल कमी असताना गाडी चालवल्यामुळे एक बिग-एंड बेअरिंग (कनेक्टिंग रॉडच्या क्रँककडच्या टोकाचे) जळाले. तेवढेच बदलले तर चालेल का?

उत्तर : चालणार नाही. जळालेल्या बेअरिंगचा धातू ऑइलबरोबर इंजिनभर फिरलेला असतो. उरलेली सर्व बेअरिंग बदलावीत, ऑइल पंप उघडून पाहावा आणि त्याच्या गिअरवर ओरखडे असतील तर नवा घ्यावा, तसेच ब्लॉक आणि क्रँकमधले ऑइलचे मार्ग बुचे काढून ब्रशने साफ करून घ्यावेत. ऑइल कूलर असेल, तर तो धुऊन पुन्हा लावण्याचा मोह टाळावा. त्याच्या बारीक नळ्यांत अडकलेला चुरा धुण्याने पूर्ण निघत नाही आणि नव्या बेअरिंगकडे तोच पहिल्यांदा पोहोचतो. त्या जर्नलचा रॉड निळसर पडला असेल, तर तोही बदलावा.