ओसाकाच्या पार्टीशी रेटवर घासाघीस केली तर बिघडतं का?

तुम्ही विचारलंय की नोव्हेंबरमध्ये ओसाकात एका छोट्या कारखान्याशी मीटिंग आहे, रेटवर घासाघीस केली तर जपानी माणूस दुखावतो का, आणि दोन दिवस मोकळे आहेत तर काय बघू. रेटचं आधी सांगतो, कारण त्यावरून आमच्या घरात 2017 पासून भांडण चालू आहे.

दुखावत बिखावत नाही. ओसाका व्यापाऱ्यांचं गाव आहे, तोक्यो नाही. तिथल्या दोजिमा बाजारात 1730 ला शोगुनच्या (तेव्हाच्या लष्करी राज्यकर्त्याच्या) परवानगीनं तांदळाचे वायदे चालायचे, त्या लोकांना भाव केलेला कशाला खुपेल. रेट कमी कर म्हणायला ते 'माकेते' म्हणतात, त्याचा सरळ अर्थ 'हर की जरा'. आणि जुने दुकानदार भेटले की 'मोकारीमाक्का', म्हणजे कमाई होतेय ना, त्यावर समोरच्यानं 'बोची बोची', म्हणजे चाललंय आपलं. आता हे जास्त करून गमतीतच म्हणतात, पण आमच्या शाचोनं (तिकडं मालकाला शाचो म्हणतात) दारातच म्हटलं होतं.

तर आमची स्टोरी. माझी आणि दाजींची कोल्हापुरात शिरोली एमआयडीसीत फाउंड्री आणि छोटं मशीनशॉप. हिगाशी ओसाकातल्या एका कारखान्यानं बेअरिंग हाउसिंगची (बेअरिंग बसवायच्या ओतीव घराची) चौकशी केली, आम्ही 50 पीसचा सॅम्पल लॉट विमानानं पाठवला आणि मागोमाग दोघं गेलो. नाम्बाहून किन्तेत्सुची ट्रेन पकडायची, फुसेला उतरायचं, तिथनं गल्ल्याच गल्ल्या, एका घराच्या खाली लेथ तर शेजारी कपडे वाळत घातलेले. दिसायला आपली कोल्हापूरची उद्यमनगरच, पण याच गावातल्या छोट्या कारखान्यांनी मिळून 'माइदो' नावाचा उपग्रह बनवला, 2009 च्या जानेवारीत तो वर गेला. शाचोच्या भिंतीवर त्याचा फोटो होता, देवाच्या फोटोला लावावी तशी वर छोटी ट्यूब लावलेली.

दुभाषी म्हणून पुण्याची एक मुलगी घेतली होती, तिकडंच नोकरी करते. (घ्याच. गुगल ट्रान्सलेटवर जाऊ नका, का ते पुढं कळेल.) रेटचं बोलणं आधी झालं. पिग आयर्न (ओतायचं कच्चं लोखंड) महागलेलं म्हणून मी कोटेशनपेक्षा दीड टक्का जास्त मागितला, शाचोनं दोन्ही हात जोडून 'माकेते!' केलं, सगळे हसले, एक टक्क्यावर मिटलं. मिटलं म्हणजे मिटलं. चहा आला.

चहानंतर त्यानं आमचे पीस बेंचवर मांडले. एकेक उचलून छोट्या हातोडीनं टक् करून आवाज ऐकायचा आणि डावीकडं ठेवायचा. टक्, डावीकडं. टक्, डावीकडं. एक पीस त्यानं परत वाजवला, मग चष्मा कपाळावर सरकवून डोळ्यापाशी नेला, खिशातनं स्क्रायबर (टोकदार सळई) काढला आणि बोअरच्या, म्हणजे मधल्या भोकाच्या, कडेला एका ठिकाणी टोकरलं. पुट्टीची खपली बेंचवर पडली, खाली हरभऱ्याएवढा ब्लोहोल, म्हणजे ओतताना गॅस अडकून राहिलेला खड्डा. असे आठ निघाले. सगळे उजवीकडं.

आवाज चढला नाही काही नाही. त्यानं विचारलं की हे कुठल्या दिवशी ओतलं, आणि त्या दिवशी साच्याच्या वाळूत ओलावा किती होता. एवढंच. पुट्टी कुणी भरली हे विचारलंच नाही. आणि आमचे दाजी, छातीवर हात ठेवून, म्हणतात, "सर, ट्रान्सपोर्टमध्ये झालं असणार."

ती मुलगी गप्प. मग मला हळूच म्हणाली, "दादा, हेच सांगू का?"

मी काही बोलायच्या आत दाजी म्हणाले सांग. तिनं सांगितलं. शाचोनं पीसकडं बघितलं, मग म्हणाला, म्हणजे विमानात कुणीतरी पुट्टी घेऊन बसलं होतं म्हणायचं. त्याची माणसं हसली, दाजीपण हसले, त्यांना वाटलं विषय मिटला. ओसाकाचा माणूस असा चेष्टेत बोलतो तेव्हा तुम्हाला सुटायला एक दार उघडून देतो, 'हो, चुकलं' म्हणायचं आणि आत जायचं. आम्ही बाहेरच थांबलो.

आठवड्यानं मेल आला, 'नाझे नाझे' करून पाठवा. म्हणजे का झालं, त्याचं का, त्या का-चं का, असं पाचेक वेळा खाली खाली जायचं. दाजींनी लिहिलं, आय ॲम वेरी सॉरी, ऑपरेटर इज रिमूव्ड. त्यांना सॉरी नको होतं हो, त्यांना वाळू पाहिजे होती! त्यानंतर दोन-तीन गोड मेल आले, ऑर्डर आली नाही. आणि तेव्हापासून प्रत्येक लग्नात, बारशात दाजी पाहुण्यांना सांगतात, "यानं दोन टक्के रेट वाढवला म्हणून जपान हातातनं गेलं." त्यात बहीण त्यांच्या बाजूनं.

म्हणून सांगतो, रेटचं खुशाल बोला, फक्त सॅम्पल पास व्हायच्या आधी बोला आणि वाढ का मागताय त्याचा हिशेब कागदावर न्या. कोटेशन किती दिवस चालेल तेही लिहा, 2017 ला डॉलरला साधारण 110 येन होते, 2024 ला 160 ला टेकले, मधल्यामधी कुणीतरी मरतं. काही लफडं असेल तर ते विचारायच्या आत आपण सांगायचं. व्हिजिटिंग कार्ड दोन हातांनी वगैरे तुम्हाला माहीत असेलच.

फिरायचं म्हणाल तर नोव्हेंबरात मिनोओला जा, उमेदाहून हांक्यूच्या ट्रेननं अर्धा तास, लाल झालेल्या मेपलमधनं चालत 33 मीटरच्या धबधब्यापर्यंत. वाटेत त्याच पानांची गोडसर भजी मिळतात, पानं आधी वर्षभर मिठात ठेवतात म्हणे. निप्पोनबाशीच्या थिएटरला बुन्राकूचा (जुन्या बाहुलीनाट्याचा) खेळ असेल तर चुकवू नका, एका बाहुलीला तीन माणसं, दोघांनी तोंडावर काळं फडकं घेतलेलं आणि मुख्य माणसाचा चेहरा उघडा, पण पाच मिनिटांनी तोपण दिसायचा बंद होतो. दोतोन्बोरी (खाण्यापिण्याचा झगमगाटी भाग) एका संध्याकाळी उरका, गर्दी आहे नुसती. शाकाहारी असाल तर अवघड आहे, भाजीच्या रश्श्यातसुद्धा माशाचा अर्क असतो, दाजींनी सोमवार उमेबोशीच्या भातावर काढला, ते खारवलेलं आंबट फळ आपल्या लिंबाच्या लोणच्याच्या जवळ जातं. आणि सरकत्या जिन्यावर ओसाकात उजवीकडं उभं राहतात, तोक्योच्या उलट.

आता हे सगळं एका छोट्या कारखान्याचं आणि एका ट्रिपचं आहे, मोठ्या कंपनीच्या परचेस डिपार्टमेंटला माकेते बिकेते चालणार नाही, तिथं तुमच्यासमोर कुणी ठरवतच नाही. आणि खरं सांगायचं तर पुट्टी पॅकिंगच्या वेळी मलापण दिसली होती. एका पीसवर. म्हटलं जाऊ दे, एकच आहे.

दाजी, हे वाचत असाल तर: दीड मागितला होता, एकवर मिटला होता. दोन टक्के कधीच नव्हते. कोटेशनची फाईल माझ्या कपाटात आहे, कधीपण या.